उष्णता कुठली, ते आधी

गेवराई तालुक्यातल्या उमापुरात चैत्र तापू लागला की थंड आणि उष्ण या विषयावर मत नसलेला माणूस सापडणं अवघड. बाजरी उष्ण, ज्वारी थंड. पपई, अंडी, गूळ उष्ण, ताक आणि सब्जा थंड. एव्हाना पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं कारखान्यांवरून परतू लागलेली असतात आणि पारा चाळिशी ओलांडतो. मग एखाद्याला उन्हाळी लागते, कुणाचं तोंड येतं, पोराचा घोळणा फुटतो, म्हातारीच्या तळपायांची रात्रभर आग होते. इलाजही ठरलेले. उन्हाळीला धन्या-जिऱ्याचं पाणी, घोळणा फुटला तर दूर्वांचा रस, तळपायांना तूप लावून काशाची वाटी, माठात वाळ्याची जुडी. यातलं काहीही कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही.

चिनी वैद्यकातल्या शीत औषधींची ही ओळख अशाच घरांतून आलेल्या नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली आहे. एखादं पान, एखादी मुळी 'थंड' असू शकते यावर त्यांचा विश्वास बसवण्यात वेळ घालवावा लागत नाही. हा फायदा मोठा आहे, पण अडचणही त्यातच आहे. कुठला पदार्थ थंड हे त्यांना पाठ असतं. समोरच्या माणसाची उष्णता कुठल्या जातीची, हे मात्र त्यांनी कधी विचारलेलं नसतं. आणि चिनी शीत औषधींचं सगळं शास्त्र या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे.

महाराष्ट्रात चीन आणि वैद्यक हे दोन शब्द एकत्र आले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. पण ते मुंबईत शिकलेले, आधुनिक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. वनौषधींच्या परंपरेशी त्यांचं नाव उगाच जोडू नये. आपला जुना दुवा आहे तो चोपचिनीचा. ही चीनमधून येणारी मुळी काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळते. सोळाव्या शतकात भावमिश्राने तिला द्वीपांतर वचा म्हणून आपल्या निघंटूत घेतलं आणि फिरंगरोगावर, म्हणजे गरमीवर, सांगितलं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तिच्यावर एक अख्खा संवाद लिहिला. गंमत अशी की आपल्याकडे ती उष्ण ठरली, तर तिची चिनी भावंड असलेली थूफूलिंग ही मुळी तिकडच्या क्रमिक पुस्तकांत उष्णता काढणाऱ्या औषधांच्या वर्गात बसते. आणि त्या वर्गात बसूनही तिचा स्वभाव 'सम' लिहिलेला असतो, शीत नाही. वर्ग एक आणि स्वभाव दुसरा, हे कसं? याचं उत्तर मिळालं की निम्मा विषय हाती आला असं समजायला हरकत नाही.

आयुर्वेदात व्यवहारात वीर्यं दोन धरतात, शीत आणि उष्ण. चिनी द्रव्यगुणात पायऱ्या जास्त आहेत: शीत, त्याहून सौम्य ती शीतल, मग ऊबदार, मग उष्ण, आणि मधोमध सम. शन्नोंगच्या नावावर असलेल्या, 365 द्रव्यांच्या त्यांच्या सर्वांत जुन्या निघंटूतच हा हिशेब सुरू झालेला दिसतो. शीत रोगाला उष्ण औषध आणि उष्ण रोगाला शीत, हा नियमही तिथलाच. स्वभाव ठरवण्याची रीत मात्र उलट्या बाजूने चालते. औषध कशावर लागू पडलं ते पाहायचं. उष्णतेचा रोग त्याने उतरला तर ते शीत. म्हणजे शीतपणा हा हाताला किंवा जिभेला लागणारा गारवा नव्हे, तर अनुभवातून दिलेला निकाल आहे. थूफूलिंग उष्णतेच्या विषासारख्या विकारांवर, गरमीच्या चट्ट्यांवर वापरून गुण आला म्हणून त्या वर्गात गेली. पण तिने पोटात थंडी धरत नाही हेही दिसलं, म्हणून स्वभाव सम राहिला.

पहिला धक्का थर्मामीटरचा बसतो. रोग्याला 103 ताप आहे, पण हुडहुडी भरली आहे, घाम नाही, अंगावर दोन गोधड्या ओढून घेतल्या आहेत, पाणी नको म्हणतो. चिनी वैद्याच्या लेखी ही बाहेरून शिरलेली थंडी. इथे शीत औषध द्यायचं नाही, घाम काढणारं उष्ण द्यायचं. दुसऱ्याला ताप तितकाच, पण तो पांघरूण लाथाडतो, घामाने थबथबला आहे, गार पाणी मागतो, नाडी उसळते आहे. ही खरी उष्णता. पारा दोघांचा एकच आहे. म्हणून जीभ बघायची, तिचा रंग आणि तिच्यावरचा थर बघायचा; तहान विचारायची, लघवीचा रंग विचारायचा. हे विचारल्याशिवाय पुढचं एकही पान उलटू नका.

खरी उष्णता ठरली तरी ती पाच तऱ्हांची असते. पहिली ही वरची, धगधगणारी. तिच्यावर जांग जोंगजिंग या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याचा 'पांढरा वाघ' नावाचा काढा आहे: शीगाओ, जीमू नावाचा कंद, ज्येष्ठमध आणि तांदूळ. दुसरी दमट उष्णता, म्हणजे चिकट आव, पिवळी जीभ, पावसाळ्यातले पोटाचे आजार. तिला ह्वांगल्यानसारखी कडूजहर, कोरडी करणारी मुळं. तिसरी विषाची उष्णता: गळवं, सुजलेला घसा, पू. तिथे जिनयिनह्वा, म्हणजे बागेत वेलावर येणाऱ्या हनीसकलच्या कळ्या. चौथी रक्तात गेलेली, अंगावर पुरळ आणि नाकातून रक्त आणणारी.

पाचवीवर मात्र जरा थांबलं पाहिजे, कारण ती आपल्या गावांत फार दिसते आणि तिच्यावर चुकीचे उपचारही फार होतात. संध्याकाळी बारीक कणकण, तळहात-तळपायांची आग, रात्री घाम, तोंडाला कोरड, वजन उतरलेलं. आपल्याकडे याला कडकी म्हणतात आणि ती हाडात मुरली आहे असं म्हातारी माणसं सांगतात. चिनी ग्रंथांतही हाडांतून वाफ निघावी तशी उष्णता असंच तिचं वर्णन आहे. ही उष्णता वाढल्याने आलेली नसते, तर तिला आवरणारा ओलावा आटल्याने वर आलेली असते. चुलीवरच्या भांड्यातलं पाणी संपलं की जाळ तेवढाच असूनही भांडं लाल होतं, तसं. इथे कडूजहर शीत औषध दिलं तर उरलासुरला ओलावाही जातो. इथे हवीत गोड, रसाळ थंड औषधं. चीनमध्ये थ्येनमनदोंग वापरतात, ती आपल्या शतावरीची सख्खी बहीण; आणि शतावरी आपल्याकडेही शीतच. अशी लक्षणं आठवड्यांवर चालली तर मात्र आधी थुंकी तपासून क्षयरोग नाही ना हे पाहून घ्यायचं. औषधी गोड की कडू हा विचार त्यानंतर.

याच कारणाने मला ग्वांगदोंगच्या 'थंड चहा'चं आपल्याकडे होणारं कौतुक थोडं जपून घ्यावंसं वाटतं. दक्षिण चीनच्या त्या प्रांतात कडू पालापाचोळ्याचे हे काढे रस्तोरस्ती विकले जातात, आणि 2006 मध्ये चीनने त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथला उन्हाळा दमट आहे, अंगाला कपडा चिकटतो. मराठवाड्याचं ऊन ओठ फोडणारं, कोरडं. तिथल्या दमट उष्णतेवरचा कडू काढा इथल्या कोरड्या उष्णतेवर चालेलच असं नाही. उलट टरबूज आणि मूग या चिनी उन्हाळ्यातल्या दोन साध्या गोष्टी इथे चपखल बसतात. टरबुजाला तर चिनी वैद्य निसर्गाने दिलेला 'पांढरा वाघ' म्हणतात. मुगाचं पातळ कढण तिकडेही उन्हाळ्यातच पितात.

आता ओळखीच्या झाडांकडे. नवशिक्याने चिनी नावं पाठ करण्याआधी बांधावर फिरून यावं, कारण बरीचशी पात्रं तिथेच भेटतात. घोळ ही पावसाळ्यात शेतात आपोआप येणारी, आंबटसर, लालसर देठांची भाजी. चीनमध्ये माछश्येन या नावाने ती शीत औषध आहे आणि रक्ती आवेवर देतात. कारिवणा, ज्याला पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात, दोन्हीकडे शीत. कुटकी दोन्हीकडे शीत, आणि चीनला ती बाहेरून आलेली हेही तिकडचे ग्रंथ मान्य करतात. दर्भ घ्या. त्याची पांढरी, गोडसर मुळी चिनी वैद्य नाकातून रक्त येण्यावर आणि लघवीच्या जळजळीवर देतात. आपल्या तृणपंचमुळातही दर्भ आहे, आणि त्याच्या जोडीला ऊसही आहे. बीड जिल्ह्यातल्या माणसाने आयुष्यभर ऊस तोडला तरी उसाचं मूळ हे उन्हाळीवरच्या शास्त्रोक्त योगातलं द्रव्य आहे हे त्याला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

इथवर सगळं जुळतं. मग माका येतो. पाटाच्या कडेला, ओल धरलेल्या जागी वाढणारी ही खरखरीत पानांची, पांढऱ्या फुलांची वनस्पती चुरगळली की बोटं काळी पडतात. आयुर्वेदात माका उष्ण; चीनमध्ये तोच, अगदी तोच, मोहानल्यान नावाने शीत. आणि दोन्हीकडे तो अकाली पिकलेल्या केसांवर! चंदनाचं तर याहून मजेशीर. आपल्याकडे दाहावर चंदनाइतकं शीत काही नाही. चिनी वैद्याच्या हाती चंदन ऊबदार होतं आणि थंडीने दुखणाऱ्या पोटावर, छातीतल्या आवळल्यासारख्या दुखण्यावर जातं. पुदिना आपल्याकडे उष्ण, चीनमध्ये त्याचा भाऊ बोह शीतल. मंजिष्ठा आपल्या ग्रंथांत उष्ण असूनही रक्ताला निवळणारी. तिकडे शीत आणि रक्त थांबवणारी.

विद्यार्थी इथे विचारतो, मग खरं कोणाचं? या प्रश्नात अडकून पडू नये. शीत आणि उष्ण या दोन वेगवेगळ्या हिशेबवह्यांतल्या नोंदी आहेत. आयुर्वेद वीर्य सांगतो ते रस, विपाक आणि तीन दोषांच्या हिशेबात. माका कफ-वात कमी करतो, म्हणून तो उष्ण. चिनी वैद्य त्याच माक्याने रक्तस्राव थांबलेला आणि आटलेला ओलावा परतलेला पाहतो आणि शीत लिहितो. दोघांनी पाहिलेला परिणाम खोटा नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा कुणी एका वहीतला आकडा उचलून दुसऱ्या वहीच्या बेरजेत टाकतो. म्हणून या पुस्तिकेत जिथे शीत असा शब्द येईल तिथे तो चिनी अर्थाने आहे, आणि आयुर्वेदातलं मत वेगळं असेल तर ते स्वतंत्र ओळीत दिलं आहे.

शीगाओचा उल्लेख वर येऊन गेला. हा दगड म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम म्हणजे आपली गोदंती. तापावर दोन्हीकडे देतात, दोन्हीकडे शीत. पण आपण गोदंतीचं भस्म करून गुंजांच्या मापाने देतो. चिनी वैद्य कच्चा दगड कुटून आधी उकळायला टाकतात आणि बाकीची द्रव्यं मागून घालतात. भाजलेला शीगाओ त्यांच्याकडे मुख्यतः जखमेवर बाहेरून लावायचा. एकाच दगडाला आग दाखवली की एका परंपरेत तो पोटात घेण्याजोगा होतो, दुसरीत बाहेर जातो. दीह्वांग या कंदाचं असंच आहे. कच्चा असताना तो शीत, रक्तातली उष्णता काढणारा. वारंवार वाफवून काळा, मऊ केला की ऊबदार आणि पोषक. दुकानातून नुसतं 'दीह्वांग द्या' म्हणून चालत नाही.

औषधावरच्या अशा संस्काराचं महत्त्व पटवायला छिंगहाओपेक्षा चांगली गोष्ट नाही. ही पाचव्या तऱ्हेच्या उष्णतेवरची आणि हिवतापावरची शीत औषधी. 1960च्या दशकाच्या शेवटी चीनने हिवतापावर नवं औषध शोधायला शास्त्रज्ञ कामाला लावले. थू यौयौ यांच्या गटाला छिंगहाओच्या अर्कातून कधी गुण यायचा, कधी नाही. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या ग ह‌ोंग या वैद्याची तातडीच्या उपचारांची पोथी पुन्हा पाहिली. तिथे काढा करा असं म्हटलेलंच नव्हतं. मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या, एवढंच होतं. म्हणजे उकळण्यानेच गुण जात असावा. 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो लागू पडला. आर्टेमिसिनिन ते हेच, आणि 2015 चं नोबेल त्यासाठीच. आपल्या विद्यार्थ्याला हे ऐकून स्वरस (पिळून काढलेला रस) आणि हिम (गार पाण्यात भिजवून केलेलं औषध) आठवले पाहिजेत. पाच कषायकल्पनांपैकी या दोघांनाही, कल्काप्रमाणेच, आग लागत नाही. सगळ्याचा काढाच करायचा, ही आपल्या घरातली सवय शीत औषधींच्या बाबतीत पुन्हा तपासून पाहावी.

शीत औषधींचा पहिला बळी पोट असतं. भूक मरते, पातळ होतं, थकवा येतो, आणि रोगी म्हणतो, औषधाने उष्णता गेली पण जेवण जात नाही. हे टाळण्यासाठी जुन्या वैद्यांनी काय केलं ते योग उलगडून पाहिल्यावर दिसतं. 'पांढऱ्या वाघा'त तांदूळ आणि ज्येष्ठमध आहे ते चवीसाठी नव्हे, पोट सांभाळायला. त्स्वोजिन या गोळीत सहा भाग ह्वांगल्यान आणि एक भाग वूजूयू हे उष्ण फळ. आणि आपलं षडंगोदक? तापात तहान लागली तर द्यायचं हे पाणी: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सहावी सुंठ. पाच थंडांच्या पंक्तीत एक तिखट उष्ण बसवलेलं आहे. औषध एक भाग, पाणी चौसष्ट भाग, आटवून निम्मं, आणि निववून घोट घोट. पाडव्याला कडुनिंबाच्या फुलोऱ्यात आपण ओवा नि हिंग घालतो, तेव्हाही हाच हात चाललेला असतो. शीत योग पाहिला की त्यातलं उष्ण द्रव्य शोधायचं, ही सवय लावून घ्या. ते का ठेवलं हे सांगता आलं तर योग समजला.

दुसरा धोका नावांचा, आणि तो जिवावर बेतणारा आहे. फांगजी ही शीत, लघवी साफ करणारी मुळी. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजीच्या जागी ग्वांगफांगजी पडली. नावात एका अक्षराचा फरक, पण ही दुसरी मुळी ॲरिस्टोलोकिया कुळातली. तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. 1993 मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पुढे अशा रोग्यांची संख्या शंभरावर गेली. काहींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. याच कुळातली किडामार आपल्या काळ्या रानात तणासारखी उगवते, हृदयाच्या आकाराची पानं आणि उग्र वास. 'बांधावरचीच आहे, नैसर्गिक आहे' म्हणून ती पोटात घेऊ नये. पित्तपापड्याचंही जपावं. उत्तरेत त्या नावाने एक झाड विकतात, दक्षिणेत दुसरंच, आणि आपण मधोमध. बीडच्या दुकानातली पुडी आणि पुण्याच्या दुकानातली पुडी शेजारी उघडून पाहिली तरी फरक कळतो. शेवंतीचा चहा चीनमध्ये डोळ्यांच्या आगीवर घेतात हे वाचून दसऱ्याच्या हारातली फुलं उकळू नयेत. त्यांच्यावर काय काय फवारलेलं असतं ते शेतकऱ्याला विचारावं.

आणि ऊन लागून माणूस बरळू लागला, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपत चाललेली, ताप 104 च्या पुढे, तर या पुस्तिकेतलं एकही पान कामाचं नाही. त्याला सावलीत आणायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि 108 ला फोन करायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पन्हं, ताक, रस काहीही घालायचं नाही.

चिनी नावं देवनागरीत लिहिताना उच्चाराच्या शक्य तितकं जवळ राहण्याचा प्रयत्न केला आहे. तरी ती एकमेकांसारखी वाटतात. ह्वांगल्यान, ह्वांगछीन आणि ह्वांगबो ही तीन वेगळी झाडं आहेत, तिघंही कडू, तिघंही पिवळी आणि तिघंही दमट उष्णतेवरची. परीक्षेत मुलं हमखास इथे घसरतात. म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव दिलं आहे, आणि पुडी घेताना त्याच नावाचा आग्रह धरायचा. पहिल्या प्रकरणात घोळ, माका, दर्भ आणि मूग घेतले आहेत. ते मृग पडल्यानंतर वाचायला घ्यावं, म्हणजे पुस्तक एका हातात आणि झाड दुसऱ्या हातात राहील.